तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ डिजिटल पियानो का नाही घेतला?

घरी येणारा प्रत्येक जण आधी पियानो बघतो, मग त्याला लटकणारा हेडफोन बघतो आणि विचारतो, "एवढ्या खटाटोपापेक्षा सरळ डिजिटल का नाही घेतलात?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं लिहूनच टाकतो.

एक तर रात्री हेडफोन लावून रियाज करता यावा, यासाठीचं अर्धं काम आधीच झालेलं होतं. आमचा उभा पियानो आपोआप वाजणारा. कागदी गुंडाळीवर आणि भात्यावर चालणाऱ्या जुन्या पियानोंच्या मानाने बराच अलीकडचा. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइड (वीज मिळाली की पट्टी हलवणारं विद्युतचुंबक) आणि वाजवलेलं टिपून घ्यायला सेन्सर. कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली आणि किती जोरात (त्याचा 1 ते 127 मधला एक आकडा), एवढंच तो साठवतो. हातोड्यांना तारांच्या अलीकडे अडवणारी एक दांडी आणि त्या आकड्यांचा हेडफोनमध्ये आवाज करणारं साउंड मॉड्यूल घातलं की झालं. यामाहाने कारखान्यातच असे सायलेंट पियानो बनवून 1993 मध्ये बाजारात आणले. म्हणजे मी काही जगावेगळं करत नव्हतो.

पहिल्या रात्री मात्र भुताटकी झाली. पट्टी दाबून सोडली की ती आपली आपणच पुन्हा खाली जायची. सेन्सरचा संदेश मॉड्यूलमधून फिरून परत सोलेनॉइडकडे येत होता. हे संदेश नेणारी एक केबल (मिडी केबल) उपसली, भूत उतरलं. आणि हो, 'सायलेंट' म्हणजे अगदी चिडीचूप नव्हे, हे कबूल. हातोड्यांची दांडीवरची ठकठक खालच्या मजल्याला ऐकू जातेच.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर लेट-ऑफमध्ये आहे, आणि ते मी टाळत आलोय. पट्टी हातोडीला थेट तारेपर्यंत ढकलत नाही. दोन-तीन मिलिमीटर उरले की सोडून देते. तेवढं अंतर हातोडी आपल्या वेगानेच कापते. दांडी बसवायची तर ही सुटका आधी व्हायला हवी, नाहीतर हातोडी दांडीवर चेपली जाते. ट्यूनरनी 88 स्क्रू एकेक करत फिरवले आणि ते अंतर जवळपास दुप्पट केलं. त्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "अगदी हळू वाजवलेले स्वर जातील. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल." डोळ्यांसमोर फक्त माझी बोटं होती.

बाबांनी याच पियानोवर वाजवलेली एक संथ चाल त्यात साठवलेली होती. शेवटाकडे येताना ते हात इतका हलका करत की शेवटचे तीन स्वर ऐकायला आपोआप पुढे वाकावं लागे. ते गेल्यावर मी ती क्वचितच लावायचो. काम झाल्यावर आठवड्याने लावली. दांडी बाजूला होती, पियानो तारांवर वाजत होता. मधेमधे एखादा स्वर गळतोय असं वाटलं, पण लक्ष दिलं नाही. मग शेवट आला. पट्टी खाली गेली, वर आली. दुसरी गेली, आली. तिसरी. आवाज नाही. हातोड्या सुटत होत्या आणि तारेपर्यंत न पोचताच परत येत होत्या. तारा तिथेच होत्या, वाजवणाऱ्याचे आकडेही तेच होते.

ट्यूनर पुन्हा आले, सोलेनॉइडचा किमान जोर वाढवून गेले. आता ते तीन स्वर वाजतात, पण त्यांच्या आधीच्या स्वरांइतकेच मोठे. कुणी वाकत नाही.

लेट-ऑफ पूर्ववत करून घे ना, असं तुम्ही म्हणाल. घेता येईल, पण मग दांडी काढावी लागेल आणि माझा रात्रीचा रियाज बंद. तेव्हाचा मी अजून हट्टाने सांगतो की पियानो वाजवण्यासाठी असतो, जपून ठेवण्यासाठी नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. बरोबर आहे असंही नाही.

डिजिटल घेतला असता तर हे घडलंच नसतं, हे मला कळतं. म्हणूनच तुमच्या प्रश्नाचा राग येतो.

परवा दांडी लावून, हेडफोन घालून तीच चाल लावली. मॉड्यूलला हातोडी तारेपर्यंत पोचण्याशी देणंघेणं नाही, त्याला नुसता आकडा पुरतो. शेवटचे तीनही स्वर आले, तसेच, विरत जाणारे. आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी पियानोचा होता. मी पुढे वाकलो होतो, हे नंतर लक्षात आलं.