याचा मालक कोठी राह्यते?

२०१७ च्या डिसेंबरातली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकतो. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक होतो, चार गावं आणि एक मोटरसायकल. गावाचं, तालुक्याचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून करायची आहे.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाहेरून पाहिली तर दृष्ट लागावी अशी, कमरेच्या वर, बोंडं हिरवीगार. लोकांना वाटतं पंचनामा म्हणजे बांधावर उभं राहून सही मारायची (मोठे साहेब मारतातही). आम्ही शेतात आडवंतिडवं चालून वीस झाडांची वीस बोंडं तोडायचो आणि एकेक फोडायचो. गुलाबी बोंडअळीचं कपट असं की बाहेरून काही दिसतच नाही, बारीक असतानाच ती आत शिरते, मागचं भोक बुजून जातं, मग वरून काय फवारायचं ते फवारा. बोंड फोडलं की आतला कापूस पिवळा पडलेला, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यात ती आरामात बसलेली. शंभरात दहा बोंडांत सापडली की फवारणीची वेळ झाली असं आमचं पुस्तक सांगतं. त्या शेतात वीसपैकी सतरा निघाली. आणि त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेलेली, त्यामुळे अजून एक फवारा मारा म्हणायला माझी जीभच रेटत नव्हती.

शेत सत्तरीतल्या एका बाबाजींचं, तीन एकर, शकुंतला रेल्वेच्या रुळाला लागून. जी फॉर्म सुनेनं भरला होता. जी फॉर्म म्हणजे बियाण्याची तक्रार, त्याला सातबारा, पक्कं बिल आणि लॉट नंबर दिसेल अशी रिकामी थैली जोडायची. आता जूनमध्ये फाडलेली थैली डिसेंबरात कोण ठेवतं? या बाईनं ठेवल्या होत्या, सहाच्या सहा, लोखंडी पेटीत लग्नाच्या शालूखाली. सोबत रेफ्युजीच्या पुड्या पण, एकही न फोडलेली. ते पाहून मलाच कसंतरी झालं, कारण ती १२० ग्रॅमची बिनबीटी पुडी (बीटी म्हणजे अळी मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं बियाणं) शेताच्या कडेनं लावायची असते, अळीला बीटी पचायची सवय लागू नये म्हणून, आणि हे समजावून सांगायची मीटिंग मी घेतली होती ती अर्ध्या गावाची लागवड उरकल्यावर.

बिलं मात्र दोनच थैल्यांची पक्की होती. बाकी चार थैल्या उधारीच्या, त्यांची नुसती कच्ची चिठ्ठी. उधारीवाल्यानं कृषी केंद्रात पक्कं बिल मागायचं नसतं, हे इकडे शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणजे कागदानुसार त्या चार थैल्या पेरल्याच गेल्या नव्हत्या.

तक्रारीची पाहणी करायला समिती आली. तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले, सावली शोधली. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मात्र भला माणूस, बोंडं स्वतः फोडून पाहिली. कंपनीचा प्रतिनिधी पंचविशीतला पोरगा, त्याचं एकच पालुपद, बियाण्यात बीटी प्रथिन आहे, तपासणीची पट्टी लावून पहा. लावली. पान चुरगाळून पाण्यात घातलं, पट्टी बुडवली, रेघा उमटल्या. प्रथिन हजर, बियाणं निर्दोष. अळीच आता त्याला जुमानत नाही, आणि अळीवर दावा कोण लावणार? गुजरातमध्ये पहिल्या बीटीला अळी दाद देत नाही हे २०१० सालीच, बीटीचा जीन (जनुक) ज्यांचा त्या कंपनीनं स्वतः सांगितलं होतं, आणि त्यावर उपाय काय तर त्यांचंच बीजी-टू, म्हणजे दोन जीनचं बीटी, घ्या. आता तेही गेलं.

बाबाजी इतका वेळ धुऱ्यावर बसून होते. रुळाकडे हात करून मला म्हणाले, "सायेब, हे शकुंतला इंग्रजाच्या कंपनीची. आपला कापूस न्यायले बांधली, मालक इलायतेत. माह्या बापानं सांगतलं मले. मंग या बियाचा मालक कोठी राह्यते?"

शकुंतलेचं मला माहीत होतं. किलिक-निक्सन कंपनीची, स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही खासगीच राहिली. १८५३ ला निजामाकडून वऱ्हाड घेतलं तेव्हा इंग्रजानं निदान जिल्ह्याला आपला एक गोरा साहेब बसवला होता, त्याच्या कचेरीपुढे जाऊन बसता तरी येत होतं. बियाण्याचं काय सांगू? थैलीवर नाव देशी कंपनीचं, ती परराज्यातली. आतला जीन अमेरिकेतल्या कंपनीचा, दुकानातली जवळपास कोणतीही थैली उचला, जीन तोच. तेव्हाच्या ८०० रुपयांच्या थैलीतले ४९ रुपये त्या जीनचं भाडं, ट्रेट फी, तेही सरकारनं २०१६ ला दर बांधला म्हणून, २००२ मध्ये बीटी आलं तेव्हा थैलीच सोळाशेच्या घरात होती. एवढं सगळं मी सांगितलं.

बाबाजी म्हणाले, "मंग फारम आमी कोनाच्या नावानं भरला?"

एच फॉर्ममध्ये, म्हणजे समितीच्या पाहणीच्या अहवालात, मी प्रादुर्भाव ८५ टक्के लिहिला. प्रतिनिधीनं सहीच्या वर 'असहमत' लिहिलं. साहेब म्हणाले चालते, असहमत असली तरी सही ते सहीच. त्याच महिन्यात नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कापसाला भरपाईचे हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले, त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. सरकारचे पैसे पुढे हप्त्याहप्त्यानं आले. कंपनीचे माझ्या चार गावांत मी कोणाच्या पासबुकात पाहिले नाहीत.

जीप गेल्यावर फाट्यावर चहा प्यायला थांबलो तर तो पोरगा पण तिथेच. कंपनीचं नाव असलेलं टीशर्ट त्यानं जॅकेटची चेन लावून झाकलं होतं. वाशिमकडचा निघाला. आधी म्हणाला, "सर, राग मानू नका, काय लिहायचं ते वरून मेलवर येते." मग थोडा वेळ गप्प. मग कपात पाहात विचारलं, "जी फॉर्मची तारीख सगळ्या जिल्ह्यांत एकच आहे का हो? आमच्या बाबाची पण चार एकर आहे. बियाणं आमच्याच कंपनीचं."

बॅगेत कोरे फॉर्म होते. दोन दिले, एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. बिल पक्कं आहे का विचारलं, तर म्हणाला, नाही.