नाही म्हणाले तरी चालेल

"अपिलाची फाइल अजून डॉक्टरांसमोर गेलेली नाही. पुढच्या महिन्यात या."

मामाने मान हलवली, खिशातली छोटी वही काढली आणि खिडकीपाशीच उभ्याउभ्या आजची तारीख लिहिली. डाव्या हाताने. उजव्या हाताची पकड गेली आहे ना त्याची.

बसमध्ये मी ती वही मागून घेतली. एका पानावर एकाखाली एक अकरा तारखा. पहिल्या दोन-तीन पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारख्या, वेड्यावाकड्या. आजची मात्र सरळ, स्वच्छ. हेलपाटे घालता घालता माणूस डाव्या हाताने लिहायला शिकला.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच्या तपासणीत मामाचं अपंगत्व 38 टक्के निघालं. संजय गांधी निराधार योजनेसाठी किमान 40 लागतं. त्या 2 टक्क्यांसाठी हे अपील. 2017च्या केंद्राच्या नियमांत मुदती स्पष्ट आहेत: दाखल्याच्या निर्णयावर आपण 90 दिवसांत अपील करायचं, त्यांनी 60 दिवसांत निकाल द्यायचा. आम्ही आमची मुदत पाळली. त्यांचे 60 दिवस कधीच उलटून गेले, आणि त्याबद्दल खिडकीत कुणाला काही विचारलं की तीच पुढच्या महिन्याची तारीख मिळते.

उतरताना मामा म्हणाला, "नाही म्हणाले तरी चालेल रे. पण म्हणू देत तरी. मग मी दुसरं काहीतरी बघेन."

हे मला दुपारपासून टोचतंय. नकाराचीसुद्धा वाट बघायला लावायची?

तुमच्यापैकी कुणाचं असं अपील मार्गी लागलंय का? नेमकं काय केलंत, सांगाल?