घडीवरची शाई

"आमच्या आण्णांची ही सही न्हवंच. त्यांचा हात असा थरथरायचा न्हाई." सांगलीच्या कोर्टात हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून मूळ इसारपावती (विक्रीच्या कराराचा, आगाऊ रक्कम घेतल्याचा कागद) बघायला बसलो, तेव्हा मयताचा मुलगा एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेचा व्यवहार, शंभराच्या स्टॅम्पवर जेलपेननं लिहिलेला चौदा ओळींचा मजकूर, खाली बॉलपेननं सही. लिहून घेणाऱ्यानं, म्हणजे खरेदीदारानं, करारपूर्तीचा दावा लावलेला. वारसांच्या अर्जावरून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली, म्हणजे शास्त्रीय तपासणीसाठी, कागद माझ्याकडं आला होता. प्रश्न एकच विचारला होता: सही मयताची आहे का?

वकिलांनी आधी झेरॉक्स पाठवली होती. झेरॉक्सवर मी मत देत नाही. पेनचा दाब, पेन उचलल्याच्या जागा, रेघेवरून पुन्हा फिरवलेला हात, यातलं काहीच तिच्यात धड दिसत नाही.

दुसरी अडचण नमुन्यांची. वारसांनी आणलेलं खरेदीखत वीस वर्षांपूर्वीचं, आण्णांचा हात भरात असतानाचं. त्याच्याशी ताडून बघितलं असतं तर वादातली सही खोटी वाटलीच असती. म्हणून इसारपावतीच्याच काळातल्या सह्या मागवल्या: सोसायटीचे कर्जरोखे, बँकेतून पैसे काढायच्या स्लिपा, बेदाण्याचे पैसे घेताना अडत्याकडं केलेल्या सह्या. अकरा मिळाल्या, सगळ्या इसारपावतीच्या आगेमागे दोन वर्षांतल्या. त्यांना ए-१ ते ए-११ आणि वादातल्या सहीला क्यू-१ अशा खुणा दिल्या.

थरथर त्या अकराही सह्यांत होती. म्हाताऱ्या हाताची थरथर एकसारखी नसते. एखादं अक्षर हलतं आणि पुढचा फटकारा सरळ निघून जातो. नक्कल करणारा अक्षर बघून हळूहळू चित्र काढतो, त्यामुळं त्याची थरथर सगळीकडं सारखी पसरते, रेघेचा दाब शेवटपर्यंत बदलत नाही आणि टोकं बोथट राहतात. क्यू-१ मधली टोकं निमुळती होती.

खरी ओळख शिरोरेषेत सापडली. आण्णा शेवटच्या अक्षराचा काना खालून वर नेत आणि पेन न उचलता तसेच डावीकडं वळून शिरोरेषा ओढत, म्हणजे उजवीकडून डावीकडं. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. पण बॉलपेनच्या टोकाच्या कडेला साचलेली शाई तीव्र वळण झाल्यावर ठिपक्यासारखी सुटते. मायक्रोस्कोपखाली चाळीसपट मोठं करून बघितलं तर तो ठिपका कान्याच्या माथ्यावर नव्हता, वळणानंतर शिरोरेषेच्या उजव्या टोकाशी होता. अकरापैकी नऊ सह्यांत तस्साच. उरलेल्या दोन जेलपेनच्या. आकार बघून नक्कल करणाऱ्याला आकार सापडतो, दिशा सापडत नाही. सही खरी होती.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं संपत होतं. पण फक्त सही बघून कागद बाजूला ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. पावतीच्या पहिल्या दहा ओळींत ११ मिलिमीटरचं अंतर, शेवटच्या चार ओळींत जेमतेम ७. अक्षरंही बारीक झालेली आणि शेवटची ओळ सहीच्या वेलांटीला वळसा घालून गेलेली. सही शेवटी झाली असती तर जागा सहीनं शोधली असती. इथं मजकूर जागा शोधत होता.

एवढ्यावर मत देता येत नाही. कागदाला मधोमध उभी घडी होती, आणि ती चौदाही ओळींतून जाऊन खाली सहीलाही कापत होती. तिरप्या उजेडात बघितलं. सहीची शाई घडीच्या धारेवर तडकलेली, आत पांढरे तंतू उघडे. मजकुराची शाई मात्र त्याच घडीत खाली उतरून तुटलेल्या तंतूंतून मुळांसारखी बाजूला पसरलेली. कागद नंतरही दुमडला गेला असल्यानं मजकुरावर बारीक तडे होते, पण आत मुरलेली शाई तशीच होती.

पेनं दोन, शायाही दोन. घट्ट बॉलपेनची शाई मुळातच कमी पसरते. म्हणून तसाच जाड स्टॅम्प घेऊन दोन्ही जातींच्या पेनांनी घडीआधी आणि घडीनंतर दहा-दहा ओळी लिहिल्या. घडीनंतर ओढलेल्या बॉलपेनची रेघ खळग्याच्या काठावर शाई सोडून पुढं गेली, तडकली नाही. क्यू-१ घडीआधीच्या ओळींशीच जुळत होती.

अहवालात दोन मतं दिली: सही मयताची, मजकूर सहीनंतर आणि घडीनंतर लिहिलेला. पहिलं मत वाचून मुलगा नाराज झाला. दुसरं त्याला वकिलांनी समजावलं. कागद वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) असता तर गुंतागुंत वाढली असती, कारण सही करून दिलेला कोरा स्टॅम्प भरण्याचा अधिकार १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम २० प्रथमदर्शनी धारकाला देतं. हा कागद इसारपावतीचा होता, त्याला ते कलम लागत नव्हतं.

उलटतपासणीत विचारलं, "सहीनंतर किती दिवसांनी मजकूर लिहिला?"

"ते या कागदावरून सांगता येत नाही," मी म्हणालो. "क्रम सांगता येतो." मग न्यायाधीशांनी निशाणी, म्हणजे पुराव्यात दाखल झालेली ती पावती, मागवून घेतली आणि भिंग घेऊन घडी स्वतः बघितली.