साडेसत्तावीस आर

आज तहसीलमध्ये शेतघराचा अर्ज दिला. पोच हातात आली, ती एसटीत बसल्यावर तीनदा वाचली.

माळावर घर बांधायचं हे आप्पांच्या वेळेपासून चाललंय. जमीन आपली, मग परवानगी कशाला, असं मलाही वाटायचं. पण आमच्या भागातली गावठाणाबाहेरची शेतजमीन म्हटली की जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 41 आलंच. शेतघराला निदान 0.40 हेक्टर क्षेत्र हवं. 0.60 पर्यंत एकच इमारत, जोतं 150 चौरस मीटरच्या आत, उंची जोत्यापासून 5 मीटर. म्हणजे माडी नाही.

आमचा गट 0.55 हेक्टरचा, म्हणजे 55 आर, सातबाऱ्यावर दादाचं नि माझं नाव सामाईक. गावात जो तो म्हणायचा, "आधी वाटप करून घे, मग बांध. मागनं भावाभावांत कटकट नको." मी वाटपाचे कागद घेऊन निघालोही होतो. तलाठी भाऊसाहेबांनी उताऱ्याच्या पाठीवर पेनानं 55 लिहिले, दोननं भाग दिला. साडेसत्तावीस आर. "वाटप केलंत तर दोघांपैकी एकालाही घर बांधता यायचं नाही." मी ते कागद तसेच पिशवीत घातले.

माळाचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पडलेली गावं मी पाहिली आहेत. रस्ता नाही, पाणी नाही, नुसती कुंपणं. त्यामुळे नियम जाचक वाटला तरी पटतो.

सामाईक जमिनीवर बांधायचं तर दादाचं संमतीपत्र हवं. ते त्याला फोनवर सांगितलं. वाटलं होतं विचार करायला वेळ मागेल. तो रविवारी पहिल्या गाडीनं पिंपरीहून आला. सही करण्याआधी चष्मा पुसला, मजकूर बोट ठेवून वाचला आणि सहीखाली आप्पा ओढायचे तशी रेघ ओढली. घर कुणाच्या नावावर, पैसे कोण किती घालणार, काही विचारलं नाही.

मग दोघं शेतात गेलो. मंजुरी येईपर्यंत कुदळ लावायची नाही, म्हणून नुसते दगड ठेवून जोत्याचे चार कोपरे धरले. दादा बोरीच्या बाजूच्या दोन दगडांमध्ये बराच वेळ उभा राहिला. मग विहिरीकडे तोंड करून म्हणाला, "इथं खिडकी ठेव. आईला बसल्याजागी मोट चाललेली दिसायची, तेवढीच उंच."

आराखडा काढणाऱ्याला उद्या सकाळीच सांगायला हवं.