साइटवरची जागा आधी ठरवायला लागलो तेव्हा

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम मी साइट इंजिनिअर म्हणून बघतो. प्लॉट जेमतेम दहा गुंठ्यांचा, तिन्ही बाजूंना राहत्या इमारती. आपली इमारत वजा केली की उरते एक चिंचोळी पट्टी. सळई, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), भिंतींचे ब्लॉक, सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटा, पाण्याची टाकी, सगळं तिथेच.

कामांच्या तारखांचा तक्ता, म्हणजे बार चार्ट, चोख होता. कोणतं काम कधी, हे त्यात होतं. ते करणारा उभा कुठे राहणार आणि त्याचा माल कुठे पडणार, याचा रकानाच नव्हता. त्यामुळे सळई कापणारे-वाकवणारे फिटर आणि सेंट्रिंगवाले रोज एकमेकांच्या अंगावर. दोघांचंही खरं, कारण दोघांनाही तारीख तीच दिलेली.

मग पुढच्या दोन आठवड्यांची कामं घेतली, प्रत्येक मजल्याच्या नकाशाची ए-३ प्रिंट काढली आणि टेप घेऊन मिस्त्रींबरोबर फिरत प्रत्येक कामाची जागा त्यावर चौकोनाने आखायला लागलो. ऑफिसात बसून हे होत नाही. सळईनेच सगळ्यात जास्त छळलं. ती बारा मीटरची येते. कापायच्या-वाकवायच्या बाकावर ओढून कापायची तर तेवढी सरळ जागा मोकळी हवीच. फिटर मिस्त्री म्हणाले, “साहेब, वाकवताना तिचं टोक कुठवर फिरतं ते आधी बघा, मग रेघा मारा.” बघितलं, तर ते टोक मी काढलेल्या चौकोनाच्या बाहेर जात होतं आणि येण्याजाण्याची वाट पार अडत होती.

बाक पार्किंगच्या स्लॅबखाली हलवायचा, हे सगळ्यांनाच सुचलं. पण तिथे जॅक, म्हणजे नव्या स्लॅबला खालून दिलेले टेकू, उभे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे जॅक ७ दिवस, त्याहून मोठ्या स्पॅनखालचे १४, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवस ठेवायचे. वर पुढच्या स्लॅबचा भार येणार असेल तर हे दिवस संपल्यावरही खालचा आधार लागतो. म्हणजे नकाशावर रिकामी दिसणारी जागा प्रत्यक्षात सेंट्रिंगवाल्याच्या ताब्यात. तेव्हापासून प्रत्येक चौकोनावर मी ती जागा मोकळी होण्याची तारीख लिहायला लागलो. स्लॅबचा कुठला भाग (पॅनेल) आधी भरायचा हेही त्यावरून बदललं: लहान स्पॅनची बाजू आधी, म्हणजे बाकाला जागा लवकर.

स्लॅब भरायच्या दिवसाचा नकाशा वेगळाच. काँक्रीट वर चढवणाऱ्या बूम पंपाच्या गाडीने पाय पसरले की गेट संपलं. काँक्रीट बाहेरून मिक्सरच्या गाड्यांतून येतं; गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ते उतरवायचं असतं, आणि शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी. एक गाडी उतरत असताना दुसरी कुठे थांबणार, हे आदल्या दिवशीच ठरलेलं बरं. त्या दिवशी ब्लॉकची गाडी येणार नाही, हा नियम आमच्या स्टोअरकीपरला अजूनही आवडत नाही.

शनिवारी संध्याकाळी सगळे ठेकेदार पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. रंगीत पेन्सिली त्यांच्याच हातात देतो. सेंट्रिंगवाला निळा, फिटर लाल, गवंडी हिरवा. वाट कोरी, तिला कुणीच हात लावायचा नाही. दोन रंग एकावर एक आले की भांडण तिथेच होऊन जातं. सोमवारी सकाळी वीस माणसं हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. प्लंबरचा माणूस सुरुवातीला येतच नसे. त्याच्या पाइपांना नकाशात जागा मिळाली नाही, मग यायला लागला.

आता प्लास्टर जवळ आलंय. बाहेरची परांची उभी राहिली की बाजूची पट्टी जाणार, आणि तिच्याखालून कुणाला चालूही देता येणार नाही. ब्लॉक थेट मजल्यांवर चढवून ठेवायचे म्हणतोय. पण कोवळ्या स्लॅबवर एका जागी किती उंचीपर्यंत रचायचे, ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून लेखी मागवलंय. ते हातात येईपर्यंत तो चौकोन कोराच.