करवतकाठी नमुना-वही: पान 12 ते 17

करवतकाठी म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ असलेलं विदर्भातलं तसरचं (रानरेशमाचं) लुगडं; त्याच्या काठांची ही वही. पान 12 ते 17 झाली. डावीकडे जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, उजवीकडे त्याच काठाची मोठी करून विणलेली प्रत. प्रत शोभेला नाही. दात कसा पडलाय ते विणल्याशिवाय नीट कळत नाही.

सगळी गोम सांध्यात. मागावर तीन धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या): दोन काठांचे, एक मधल्या अंगाचा. अंगात तसर, काठात सूत. काठाचा बाणा (आडवा धागा) अंगाच्या बाण्यात अडकून माघारी फिरतो, आणि हा सांधा सरकत गेला की करवतीचे दात उमटतात. प्रतीसाठी 20 × 15 सें.मी.ची चौकट, 1 सें.मी.ला 6 उभे धागे. दर फेरीला (जाऊन-येऊन) सांधा 2 धागे पुढे, अशा 5 फेऱ्या, मग तसाच 5 फेऱ्यांत मागे.

पान 14 दोनदा उसवलं. अडकवल्यावर तसर ओढला की सांध्यावर गाठीसारखी उभी रेघ येते आणि काठ गोळा होतो. बाणा कमानीसारखा सैल टाकायचा, मग फणीनं ठोकायचा. एखादी अडकवणी सुटली तर तिथं फट राहते. चौकटीवर ती दिसत नाही, म्हणून दर 10 फेऱ्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बघावं.

मे महिन्यात कोरड्या हवेत तसर तटातट तुटतो. कूलरच्या खोलीत विणा, निम्मी कटकट संपते. वही मात्र त्या खोलीत अजिबात नको! जो दमटपणा धाग्याला मानवतो, तोच बंद पेटीत बुरशी धरतो. पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाटही नको, तापतं.

तुकडा पानावर टाचण्याचं थोडक्यात: नागपूरच्या गांधीबागेतला बिनरंगाचा मांजरपाट, सोडा घालून उकळून खळ पूर्ण काढलेला. खळ राहिली की कसर आलीच. त्यावर तुकडा बारीक सुईनं, रेशमी एकेरी धाग्यानं, लांब सैल टाक्यांनी. डिंक, चिकटपट्टी, स्टेपल काही नाही. टीप पेन्सिलीनं. कडुनिंबाचा पाला घालायचा मोह आवरा. चुरा होऊन डाग पडतात.

तसर की नकली, हे मूळ तुकड्याच्या सुट्या दशीतला एक धागा जाळून. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी काळी राख म्हणजे रेशीम. कागदासारखा जळला तर सूत किंवा व्हिस्कोज, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पान 16चा तुकडा यातच उघडा पडला: अंग तसरचं नाही, सूत किंवा व्हिस्कोजचं. तरी काढला नाही, तशी नोंद करून ठेवला. नकलीचीही नोंद हवीच.

पान 18 अडलंय. ओला पांढरा कापूस लाल काठावर मिनिटभर दाबला तर गुलाबी झाला, रंग कच्चा. तो तुकडा न धुताच टाचायचा; धूळ तेवढी मऊ ब्रशनं.