उजव्या सीटचं भाडं

वैमानिकाचं कमर्शियल लायसन्स हातात येतं तेव्हा लॉगबुकात उड्डाणाचे जेमतेम दोनशे-अडीचशे तास असतात, तेही बहुतेक एका इंजिनाच्या छोट्या विमानावरचे. नोकरीच्या जाहिराती मात्र ‘टाइपवर ५०० तास’, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानावरचे तास, मागतात. या दोन आकड्यांमधली जागा विकायला काढली जाते: एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), त्यावर लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण), त्यावर ठरलेले तास, सगळ्याचं मिळून एक बिल. बिल अर्थातच पायलटच्या नावावर.

पैसे देऊन तास जमवण्यात मुळात काही वावगं नाही. छोटं सेस्ना १५२ भाड्याने घ्या, दोघांत खर्च वाटून क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) करा, टाइप रेटिंगची फी स्वतः भरा. ते शिकणं आहे. गोष्ट बदलते ती मागे तिकीट काढलेले प्रवासी बसले की. दोन वैमानिकांशिवाय ते विमान सुटू शकत नाही. मग उजव्या सीटवरचा माणूस, म्हणजे को-पायलट, गिऱ्हाईक कसा? तो कर्मचारी आहे, आणि कंपनी त्याच्या श्रमाचे पैसे त्याच्याकडूनच घेते आहे.

‘हे ट्रेनिंगच आहे’ हा बचाव अर्धाच खरा. सिम्युलेटर आणि प्रत्यक्ष विमानावरची लँडिंग झाली की नवखा ट्रेनिंग कॅप्टनबरोबर प्रवासी उड्डाणं करतो. सुरुवातीच्या सेक्टरना (सेक्टर म्हणजे एका टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचं उड्डाण) जंपसीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा सीटवर, गरज पडली तर मदतीला सेफ्टी पायलटही असतो. इथपर्यंत शिक्षण. लाइन चेक, म्हणजे या ट्रेनिंगची शेवटची परीक्षा, पास झाला की तो पूर्ण पात्र को-पायलट होतो, आणि पॅकेजमधले उरलेले शेकडो तास हे निव्वळ काम उरतं.

सुरक्षेचा मुद्दा याहून अवघड आहे. रात्रभर झोप न झालेल्या पायलटने ‘आज अनफिट’ असं कळवणं अपेक्षित असतं. एकेका तासाचे पैसे आगाऊ भरलेला आणि वर कर्जाचा हप्ता चालू असलेला माणूस तो फोन करायला कचरतो. १००० फुटांवर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) स्थिर नसेल तर ‘गो-अराउंड’, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चला, असं म्हणायचं, तेही ज्याच्या शेऱ्यावर पुढचं सगळं ठरणार त्याच कॅप्टनला. शिवाय ५०० तास भरले की त्या जागी पुढचा पैसे भरणारा येतो. कॅप्टनच्या शेजारी कायम नवखाच.

आणि त्या तासांत मिळतं काय? सेक्टर दोन तासांचा धरला तर ५०० तासांचे २५० सेक्टर. दोघे आलटून पालटून उडवतात, म्हणजे हातात साधारण १२५ लँडिंग, तीही कॅप्टनने नवख्याचा वाटा त्याला दिला तर. बाकी बराचसा वेळ ऑटोपायलटचा.

अमेरिकेत २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर नियम बदलला. २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (कमर्शियलच्या वरचं एअरलाइन पायलट लायसन्स) लागतं, त्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तास. लष्करी आणि ठरावीक पदवीधर वैमानिकांना काही सवलत. अडीचशे तासवाल्याला तिथे ती सीट विकताच येत नाही. पुष्कळजण इन्स्ट्रक्टर होऊन, पगार घेऊन तास भरतात. नियमावर टीका बरीच होते, पण हा परिणाम चांगला.

तरीही कुणी सही करणारच असेल तर करारात पाहा: तास ब्लॉक टाइमचे (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे) की हवेतले? महिन्याला किमान किती? लाइन चेकला जास्त सेक्टर लागले तर त्याचे पैसे कुणाचे? कंपनी बुडाली तर उरलेल्या तासांचं काय? हे शेवटचं कलम बहुतेक जण चाळून सोडतात. युरोपात अशा विमानाचं टाइप रेटिंग वर्षभरच चालतं, त्यामुळे निम्म्यात अडकलेल्याला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे भरून चेक द्यावा लागतो.

बाँड ही वेगळी गोष्ट. कंपनी ट्रेनिंगचा खर्च करते, पगार देते आणि दोन-तीन वर्षं राहण्याची अट घालते. देणं दर महिन्याला कमी होत जाणार असेल आणि कंपनीनेच काढून टाकलं तर माफ होणार असेल, तर त्यावर सही करायला हरकत नाही.